जळकं ऑइल संपत नाही, फक्त मळतं! काळ्या तेलाचं पुन्हा नवं तेल कसं होतं आणि ते कुणाच्या हाती द्यायचं?

गळीत हंगाम संपला की ट्रॅक्टर सर्व्हिसिंगला लागतात. खालचा नट सुटतो, काळंकुट्ट ऑइल डब्यात पडतं आणि वरून नवं ऑइल ओतलं जातं. नव्या ऑइलची चौकशी सगळेच करतात. कोणत्या कंपनीचं, कितीला पडलं, किती तास चालेल. त्या काळ्या डब्याचं पुढे काय होतं, हे मात्र कुणी विचारत नाही. कुणी बांधावर ओततो, कुणी गोठ्याच्या मेढींना फासतो, उरलेलं भंगारवाला घेऊन जातो.

खरं तर त्या डब्यातलं निम्म्याहून जास्त तेल पुन्हा इंजिनात घालण्याच्या लायकीचं होऊ शकतं. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. अट एकच, त्यात दुसरं काही मिसळायला नको आणि ते योग्य हातात पडायला हवं. या कामाला री-रिफायनिंग म्हणतात, म्हणजे वापरलेलं वंगण तेल पुन्हा शुद्ध करणं.

तेल झिजत नाही, घाण होतं

इंजिन ऑइलचा मुख्य भाग म्हणजे बेस ऑइल. ते कच्च्या खनिज तेलापासून काढतात. त्यात काही रसायनं मिसळली जातात. एक इंजिनातली काजळी धुऊन तरंगत ठेवतं, दुसरं धातूची झीज कमी करतं, तिसरं गंज आणि फेस रोखतं. ऑइल 'उतरतं' तेव्हा मुख्यतः ही रसायनं संपलेली असतात आणि तेलात घाण साठलेली असते. त्यात काजळी, धातूचा बारीक चुरा, थोडं डिझेल, थोडं पाणी आणि धूळ असते.

बेस ऑइलचा बराचसा भाग मात्र जसाच्या तसा शाबूत राहतो. मळलेलं धोतर कुणी फेकत नाही, धुतं. इथेही तेच आहे. फरक एवढाच की हे धुणं घरी किंवा गॅरेजमध्ये होत नाही, त्याला कारखाना लागतो.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने दिलेला हिशोब बोलका आहे. एक गॅलन, म्हणजे साधारण ३.८ लिटर जळक्या ऑइलपासून सुमारे २.४ लिटर चांगलं वंगण तेल मिळतं. तेवढंच वंगण कच्च्या तेलापासून काढायचं तर ४२ गॅलन, म्हणजे जवळपास १५९ लिटर कच्चं तेल लागतं. त्या कच्च्या तेलातून पेट्रोल-डिझेलही निघतं, पण वंगणाचा वाटा फार थोडा असतो. शिवाय जळक्या ऑइलपासून वंगण बनवायला कच्च्या तेलाच्या मानाने साधारण एक तृतीयांश ऊर्जा पुरते. भारत आपल्या गरजेचं ८० टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो, हे लक्षात घेतलं की या डब्याची किंमत कळते.

एका गावात किती ऑइल निघतं?

एक अंदाज बांधून पाहू. समजा गावात ४० ट्रॅक्टर आहेत. प्रत्येकाच्या इंजिनात ७ लिटर ऑइल धरलं आणि वर्षातून दोनदा बदललं, तर ५६० लिटर झालं. गावात ३०० मोटारसायकली असतील आणि प्रत्येकीचं एक लिटर ऑइल वर्षातून तीनदा बदललं, तर ९०० लिटर. एकूण १,४६० लिटर, म्हणजे २०० लिटरची सात बॅरल भरून वर उरेल. यात जेसीबी, हार्वेस्टर, टेम्पो, जनरेटर आणि ट्रॅक्टरचं गिअर-हायड्रॉलिक ऑइल धरलेलंच नाही.

वरच्या हिशोबाने या १,४६० लिटरमधून साधारण ९०० लिटर बेस ऑइल परत मिळू शकतं. नाहीतर हेच तेल गावाच्या जमिनीत आणि ओढ्यात मुरतं. एका गाडीच्या एका ऑइल बदलातलं जळकं तेल १० लाख गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लाख लिटर गोडं पाणी नासवू शकतं, असं याच अमेरिकी संस्थेचं म्हणणं आहे. विहिरीच्या शेजारी गॅरेज असेल तर हा आकडा डोळ्यांसमोर ठेवलेला बरा.

कारखान्यात काय होतं? पायरीपायरीने

१. तपासणी. टँकर आला की आधी नमुना काढतात. पाणी किती, शिसं किती, क्लोरीन असलेली रसायनं मिसळली आहेत का, हे पाहतात. नमुना खराब निघाला तर अख्खा टँकर परत जाऊ शकतो.

२. निवळणं आणि गाळणं. तेल टाकीत स्थिर ठेवलं की पाणी आणि जड गाळ तळाशी बसतो. मोठा कचरा जाळीत अडकतो.

३. पाणी आणि हलकं इंधन उडवणं. तेल तापवून त्यातलं उरलेलं पाणी आणि पेट्रोल-डिझेलचा अंश वाफेच्या रूपात वेगळा करतात.

४. निर्वातात उकळणं. ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. वंगण तेल उकळायला फार जास्त तापमान लागतं आणि तेवढं तापवलं की ते जळून फुटतं. म्हणून भांड्यातली हवा ओढून घेतात. कुकरमध्ये दाब वाढला की पाणी जास्त तापमानाला उकळतं, इथे बरोबर उलटं घडतं. दाब कमी केल्यामुळे तेल कमी तापमानात वाफ होऊन वर जातं. बऱ्याच कारखान्यांत तेलाचा पातळ थर तापलेल्या भिंतीवर पसरवतात, म्हणजे ते क्षणभरच तापतं आणि खराब होत नाही. वाफ थंड केली की पिवळसर तेल मिळतं. काजळी, धातू आणि जुनी रसायनं खाली डांबरासारख्या गाळात राहतात.

५. शेवटची सफाई. मिळालेल्या तेलाला अजून रंग आणि वास असतो. तो काढायला दोन मुख्य पद्धती आहेत. एकात तेल शोषक मातीतून नेतात. ही मुलतानी मातीच्या जातीचीच असते. दुसरी पद्धत महागडी पण जास्त चांगली. त्यात जास्त दाब आणि उष्णतेत हायड्रोजन वायू सोडून गंधक आणि इतर अशुद्धी काढतात.

६. नवी रसायनं मिसळणं. तयार झालेलं बेस ऑइल ऑइल कंपन्यांकडे जातं. त्यात पुन्हा ताजी रसायनं घातली की ते इंजिन ऑइल, गिअर ऑइल किंवा हायड्रॉलिक ऑइल होतं.

पूर्वी अनेक ठिकाणी गंधकाचं आम्ल ओतून तेल साफ करायचे. त्यातून आम्लाचा घातक काळा चिखल निघायचा आणि तो कुठेतरी पुरला जायचा. म्हणून आता निर्वात पद्धतीसारखी पर्यावरणाला चालणारी तंत्रंच मान्य केली जातात.

गाळलेलं तेल म्हणजे शुद्ध तेल नव्हे

इथेच अनेक शेतकरी फसतात. काही ठिकाणी जळकं ऑइल नुसतं गाळतात, त्याचा रंग उतरवतात, वरून रंग टाकतात आणि नामांकित कंपनीच्या जुन्या डब्यात भरून स्वस्तात विकतात. बोटावर घेतलं तर ते नव्यासारखंच दिसतं. पण त्यात झीज रोखणारी रसायनं नसतात आणि बारीक धातू तसाच असतो. दोनशे-तीनशे रुपये वाचवायला जावं आणि क्रँक, बेअरिंग, लायनरचं काम निघावं, असा हा सौदा आहे.

योग्य कारखान्यात शुद्ध झालेलं तेल वेगळं. ते चाचणीत बसलं तर त्यापासून बनलेल्या ऑइलला नव्या ऑइलचीच प्रतवारी मिळते. त्यामुळे 'पुन्हा शुद्ध केलेलं' या शब्दाला घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते बिल नसलेल्या, सील हललेल्या डब्याला. डब्यावरची एपीआय प्रतवारी (सीएच-४, सीआय-४ अशी) ट्रॅक्टरच्या पुस्तिकेशी जुळते का, हे पाहणं हाच खरा उपाय.

आणि एक सोपी गोष्ट. ऑइल ओतून झालं की रिकाम्या डब्याला तिथेच खिळ्याने भोक पाडायचं. अख्खा डबा भंगारात गेला की तो नकली ऑइल भरणाऱ्याच्या हाती पडू शकतो.

मिसळलं की संपलं

जळक्या ऑइलचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे त्यात ओतलेली दुसरी वस्तू. गॅरेजच्या कोपऱ्यातल्या बॅरलमध्ये ऑइलसोबत पार्ट धुतलेलं पेट्रोल, ब्रेक ऑइल, कूलंट, थिनर असं सगळं पडतं. शेतावर तर कीटकनाशकाच्या रिकाम्या कॅनमध्येच ऑइल भरून ठेवतात. अनेक कीटकनाशकांत क्लोरीन असतं, ते कारखान्यातली यंत्रं खातं आणि तेलही बिघडवतं. दोन लिटर औषधी अंशामुळे दोनशे लिटर तेल नाकारलं जाऊ शकतं.

डीपीतलं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचं तेल तर कधीच यात टाकू नये. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पीसीबी नावाचं घातक रसायन असू शकतं. ते तेल महावितरणच्या मालकीचं असतं, त्याची विल्हेवाट तेच लावतात.

मिसळलेलं तेल काय करू शकतं, याचं उदाहरण अमेरिकेत आहे. मिसुरी राज्यातल्या टाइम्स बीच या दोन हजारांवर वस्तीच्या गावात रस्ते कच्चे होते. धूळ बसावी म्हणून १९७२ पासून काही वर्षं रस्त्यांवर जळकं ऑइल शिंपडलं गेलं. आपल्याकडेही कुठे कुठे असं करतात. पण ऑइल पुरवणारा ठेकेदार एका रासायनिक कारखान्याचा टाकाऊ मालही उचलत होता आणि तो त्याच तेलात मिसळला गेला होता. त्यात डायऑक्सिन हे अतिविषारी रसायन होतं. त्याच ठेकेदाराने १९७१ मध्ये घोड्यांच्या रिंगणात हेच तेल मारलं होतं, तेव्हा डझनावारी घोडे मेले. १९८२ च्या अखेरीस गावाच्या मातीत डायऑक्सिन सापडलं. १९८३ मध्ये सरकारने गावातली घरं विकत घेण्याचा निर्णय घेतला आणि गाव कायमचं उठलं. तेल दिसायला काळंच होतं. आत काय आहे, ते रस्त्यावरच्या माणसाला कळायला मार्ग नव्हता.

गावातले 'घरगुती' वापर आणि त्यांना पर्याय

जळक्या ऑइलमध्ये काजळीसोबत असे घटक असतात, ज्यातले काही कर्करोग करणारे म्हणून ओळखले जातात. त्यात जड धातूही असू शकतात. म्हणून पुढच्या सवयी सोडलेल्या बऱ्या.

• जनावरांच्या खरजेवर किंवा गोचिडांवर लावणं: जनावर अंग चाटतं, ऑइल पोटात जातं. कातडीही भाजते. पशुवैद्यकीय दवाखान्यात यावर औषध मिळतं.

• डबक्यात डास मारायला ओतणं: डासांसोबत पाणीही मरतं. साठलेल्या पाण्यात गप्पी मासे सोडता येतात, छोटी डबकी बुजवता येतात.

• सेंट्रिंगच्या पाट्यांना लावणं: पावसाने ते जमिनीत उतरतं, स्लॅबला डाग पडतात. त्यासाठी वेगळं शटरिंग ऑइल मिळतं.

• मेढी आणि कुंपणाच्या लाकडाला फासणं: वाळवीपासून थोडे दिवस सुटका होते, पण जनावरं त्या लाकडाला अंग घासतात, चाटतात. लाकडासाठीचं वाळवीरोधक कृषी सेवा केंद्रात किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळतं.

• चुलीत, भट्टीत जाळणं: धुरासोबत धातूचे कण उडतात आणि श्वासात जातात. वीटभट्टीला दिलेलं ऑइल म्हणजे गावानेच ओढलेला धूर.

गॅरेजमध्ये काम करणाऱ्या पोरांनी हात पेट्रोल-डिझेलने धुऊ नयेत, साबणाने धुवावेत. ऑइलने भिजलेली चिंधी पँटच्या खिशात ठेवायची सवय घातक आहे.

नियम काय सांगतात?

भारतात वापरलेलं वंगण तेल घातक कचऱ्यात मोडतं. त्यासाठी २०१६ चे घातक व इतर कचरा नियम लागू आहेत. री-रिफायनिंगला जाणाऱ्या तेलात काय किती चालेल, याच्या मर्यादा त्यात आहेत. उदाहरणार्थ, शिसं दहा लाख भागांत १०० भागांपेक्षा जास्त नको आणि पीसीबी दोन भागांपेक्षा कमी हवं. कारखान्याला राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते. घातक कचरा पाठवताना त्यासोबत ठरलेलं वाहतूक पत्रक असावं लागतं. कुठून निघाला, कुणी नेला, कुठे पोहोचला, याची ती नोंद असते.

सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने या नियमांत मोठा बदल केला. तो १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. आता बेस ऑइल आणि वंगण तेल बनवणाऱ्या किंवा आयात करणाऱ्या कंपन्यांवरच जबाबदारी टाकली आहे. जेवढं तेल विकलं, त्याचा ठरावीक वाटा पुन्हा शुद्ध झाल्याचं प्रमाणपत्र त्यांना नोंदणीकृत कारखान्यांकडून घ्यावं लागतं. पहिल्या वर्षी हा वाटा ५ टक्के होता, तो टप्प्याटप्प्याने ५० टक्क्यांपर्यंत जाणार आहे. तेल गोळा करणाऱ्यांनाही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

गावासाठी याचा अर्थ सरळ आहे. आजवर जळक्या ऑइलला फक्त भंगारवाला विचारायचा. यापुढे कंपन्यांनाही ते हवं आहे.

हे होऊ शकतं, हे इटलीने दाखवलंय. तिथे १९८४ पासून जळकं ऑइल गोळा करणारी देशव्यापी व्यवस्था आहे. गॅरेजवाल्याने फोन करायचा, गाडी येऊन तेल नेते. गोळा झालेलं जवळपास सगळं तेल पुन्हा वंगण होतं.

शेतावर आणि गॅरेजमध्ये काय करायचं?

• इंजिन थोडं गरम असताना ऑइल काढायचं, म्हणजे घाणही सोबत निघते. हात भाजणार नाही, एवढं निवू द्यायचं.

• खाली पसरट टोपली किंवा घमेलं ठेवायचं. मातीवर सांडू द्यायचं नाही.

• ऑइल त्याच्याच जुन्या, घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरायचं. औषधाचा, खताचा, पाण्याचा किंवा दारूचा डबा नको.

• कॅनवर मोठ्या अक्षरात 'जळकं ऑइल' लिहायचं. पोरांच्या हाताला लागणार नाही अशा सावलीच्या जागी, पावसापासून दूर ठेवायचं.

• जुना फिल्टर रात्रभर उलटा ठेवून त्यातलं ऑइल निथळून घ्यायचं. त्यातही बरंच ऑइल असतं.

• सांडलंच तर पाणी मारायचं नाही. लाकडाचा भुसा किंवा कोरडी वाळू टाकून गोळा करायचं.

• वडापावच्या कढईतलं खाद्यतेल यात टाकायचं नाही. ते बायोडिझेलला जातं, त्याची वाट वेगळी.

खरी अडचण: दहा लिटरसाठी गाडी येत नाही

नियम आहेत, कारखाने आहेत, मागणीही आहे. अडतं ते मधल्या रस्त्यात. एका शेतकऱ्याकडचं सात लिटर ऑइल न्यायला परवानाधारक गाडी येत नाही, तिला परवडत नाही. भंगारवाला मात्र दारात येतो. म्हणून तेल एकत्र झालं तरच ही साखळी गावापर्यंत पोहोचेल.

त्याला फार खर्च नाही. ट्रॅक्टर डीलर, मोठं गॅरेज, विकास सोसायटी किंवा ग्रामपंचायत यांच्यापैकी कुणीतरी छपराखाली, पक्क्या फरशीवर झाकणाचं बॅरल ठेवावं. कुलूप लावावं, नाहीतर रात्रीतून कुणीतरी त्यात भलतंच ओतून जाईल. तेल देणाऱ्याचं नाव आणि लिटर वहीत लिहावेत. ठेवण्याआधी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात साठवणुकीची परवानगी आणि नोंदणीकृत गोळा करणारे कोण, हे विचारून घ्यावं. नियमानुसार असा कचरा साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त साठवून ठेवता येत नाही, त्यामुळे गाडी कधी येणार हेही आधीच ठरवावं.

गाडी आली की तीन गोष्टी मागायच्या: नोंदणीचा कागद, वाहतूक पत्रक आणि पावती. हे तीन कागद नसतील तर तो परवानाधारक नाही, भंगारवालाच.

थोडक्यात प्रश्नोत्तरं

पुन्हा शुद्ध केलेल्या तेलापासून बनलेलं ऑइल ट्रॅक्टरला चालतं का? डब्यावरची प्रतवारी ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रतवारीशी जुळत असेल आणि डबा बिलासह खरेदी केला असेल, तर चालतं.

घरी गाळून पुन्हा वापरलं तर? नाही. कापडाने किंवा जाळीने काजळी, विरघळलेलं डिझेल आणि बारीक धातू निघत नाहीत. संपलेली रसायनंही परत येत नाहीत.

ऑइलमध्ये पाणी गेलं तर ते वाया गेलं का? थोडं पाणी कारखान्यात निघतं. पण पाणी जास्त असेल तर वजन वाढतं, भाव उतरतो. म्हणून झाकण घट्ट हवं.

गिअर आणि हायड्रॉलिक ऑइल वेगळं ठेवायचं का? तीही खनिज वंगणंच आहेत आणि पुन्हा शुद्ध होतात. शक्य असेल तर वेगळ्या कॅनमध्ये ठेवली तर चांगलंच. ब्रेक ऑइल मात्र यांच्यात कधीच नको.